दाराला हात लावू नये, मामांनीसुद्धा

नागपुरात अणुभट्टी नाही. तरी माझी निम्मी नोकरी अणुभट्टीतली हवा बाहेर पडू नये म्हणून गेली, असं सांगितलं की लोकांचे दोन प्रकार होतात. काहींना वाटतं बाई फेकते आहे. काही जण हळूच आपली खुर्ची मागे घेतात. खुर्ची मागे घेणाऱ्यांना मी मुद्दाम चहाला थांबवते.

खरी गोष्ट साधी आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराचा कारखाना आहे, तिथे मी गुणवत्ता विभाग पाहते. आम्ही दारं बनवतो. अणुभट्टीभोवती काँक्रीटची जाडजूड इमारत असते. आत कधी काही बिघडलंच तर तिथली हवा तिथेच कोंडून धरायची, एवढंच तिचं काम. पण माणसांना आत-बाहेर जावं लागतंच, म्हणून त्या इमारतीला पोलादी दारं असतात, बँकेच्या तिजोरीहून जाड. दाराच्या कडेनं रबराच्या दोन पट्ट्या बसवलेल्या असतात, एकीच्या आत दुसरी. त्यांना आम्ही गॅस्केट म्हणतो. या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत हवा भरायची, नळी बंद करायची आणि दाब किती उतरतो ते बघत बसायचं. हे बघत बसणं म्हणजे माझी नोकरी.

"म्हणजे तू दिवसभर काही होऊन नाही राहिलं, हे पाहून राहते," असं माझी आई म्हणते. सक्करदऱ्याला आम्ही दोघीच राहतो, त्यामुळे तिच्या टोमण्यांत वाटेकरी कोणी नाही. पण तिची व्याख्या चुकीची नाही.

या कामाचे नियम फार कडक. नियमांचं पुस्तक उशाला घेतलं तर मान अवघडेल इतकं जाड आहे आणि त्यातली बहुतेक पानं वाचताना मला अजून झोप येते. दोन गोष्टी मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. एक म्हणजे, गळती शून्य असावी असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. किती गळलं तर चालेल, याची मर्यादा दिलेली आहे. माणसानं बनवलेली वस्तू थोडीफार गळणारच, हे त्या पुस्तकानं आधीच मान्य केलंय. दाब मोजणाऱ्या गेजवर गळती शून्य दिसली तर आमच्यातला अनुभवी माणूस खूश होत नाही, तो आधी गेज तपासतो.

दुसरी गोष्ट अशी की दार जसं सापडलं तसं आधी मोजायचं. पुसायचं नाही, बोल्ट आवळायचे नाहीत, फुंकरसुद्धा मारायची नाही. आधी मोजायचं, मग काय दुरुस्ती करायची ती करायची, मग पुन्हा मोजायचं, आणि दोन्ही आकडे द्यायचे. आधीच दुरुस्त करून ठेवलं तर आज दार चांगलं आहे एवढंच कळेल. गेले कित्येक महिने ते बंद होतं तेव्हा त्यातून किती हवा जात होती, ते कधीच कळणार नाही.

हे सगळं मी आमच्या फिटर मंडळींना दरवर्षी समजावून सांगत असे. मंडळी माना डोलवत. सगळ्यात जोरात मान डोलवायचे मामा.

मामा नेमके कोणाचे मामा, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते आमचे सगळ्यात जुने फिटर. हिंगण्याच्या पुढच्या एका खेड्यातून मोटारसायकलवर यायचे. थोडी शेती होती, ती भाऊ पाहायचा. मामांची ओळख सांगायची तर स्वच्छता. खांद्यावर स्वतःसाठी एक दुपट्टा आणि खिशात यंत्रांसाठी एक फडकं. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची पुसत आणि उठल्यावर पुन्हा पुसत, म्हणजे आपण बसलो त्यानं ती मळली असेल म्हणून. त्यांच्या टेबलावर पडलेला पेचकससुद्धा अंघोळ करून आल्यासारखा दिसे. नव्या लोकांना ते म्हणत, "काम कसंही असू दे गा, पण पाहणाऱ्याले घाण नाही दिसली पाहिजे."

त्या वर्षी आमच्याकडे एक दार खास परीक्षेसाठी होतं. त्याचं गॅस्केट नव्या प्रकारच्या रबराचं होतं. रबर पोलादाखाली महिनोन्महिने दाबून ठेवलं आणि वर ऊन तापलं की ते चपटं होतं, त्याचा उसळता जोर कमी होतो. तो किती कमी होतो ते बघायचं होतं. म्हणून दिवाळीनंतर दार बंद करायचं, बोल्ट ठरल्या जोरानं आवळायचे आणि मे संपेपर्यंत तसंच सोडून द्यायचं. नंतर नियामक मंडळाचा माणूस येऊन आपल्या डोळ्यांदेखत मोजणी करून घेणार. मर्यादेत बसलं तर दार मंजूर आणि त्याच्यासारखी आणखी दारं करायचं कामही आमचं.

ते दार मामांच्या हातचं होतं. रबराची खाच त्यांनी घासली होती, बिजागरी त्यांनी बसवली होती. जुलैत ते निवृत्त होणार होते. दार बंद केलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, हे पास झालेलं पाहतो, मंग घरी बसतो. इतकी वर्षं दारं बनवली, पण पुरं माह्या हातचं हेच." तेव्हापासून ते दार पास होणं ही माझीही गरज होऊन बसली. कोणी काही मागितलं की मला एरवी राग येतो, पण मामांनी कधी काही मागितलंच नव्हतं.

बोल्ट आवळून झाल्यावर मी प्रत्येक बोल्टवरून दारापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट कोणी जरा जरी फिरवला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. चित्रकलेत मी शाळेपासून ढ, त्यामुळे सगळ्या रेघा वाकड्यातिकड्या आल्या. दारावर एक पाटी लावली, 'दाराला हात लावू नये'. शेडच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथं टिनाखाली मे महिन्यात उभं राहणं म्हणजे शिक्षा, तिथं ते दार मुद्दाम ठेवलं. मग आम्ही त्याच्याकडे न बघायची सवय लावून घेतली.

मेचा शेवटचा आठवडा. सोमवारी पहाटे तपासणी होती. शनिवारी दुपारी मी शेडमध्ये गेले, तर मामा वाट बघत उभे.

"या मॅडम. पाहा."

दार चमकत होतं. इतकं की माझा चेहरा त्यात दिसला आणि तो चेहरा काही बरा दिसत नव्हता. मामांनी बोल्ट काढले होते, दार उघडलं होतं, गॅस्केट ओल्या फडक्यानं आणि मग सुक्या फडक्यानं पुसलं होतं, त्यावर बोटानं ग्रीसचा पातळ हात फिरवला होता, दार लावून टॉर्क पान्यानं अगदी ठरल्या जोरानं बोल्ट पुन्हा आवळले होते. आणि प्रत्येक बोल्टवर नवी पिवळी रेघ ओढली होती. सरळ, एकसारखी, पट्टीनं काढल्यासारखी.

माझ्या तोंडून पहिले शब्द जे आले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. दुसरे आले ते असे, "मामा, पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

"येते ना. ते पोट्ट्यांसाठी आहे."

"आणि तुम्ही?"

"माहं तं दार आहे." त्यांना माझा राग कळेना. "काहून मॅडम? सोमवारी पाहुणे येऊन राहिले ना? दारावर ही चार बोटं धूळ. असं दाखवता का कोणाले?"

आमच्याकडे पाहुणा नागपूरच्या अलीकडे बुटीबोरीला पोचला असं कळलं की इकडे अंगणात सडा पडतो. चादरी बदलतात, कोनाड्यातलं सामान पलंगाखाली जातं. मामांनी तेच केलं होतं, आणि चोरूनही केलेलं नव्हतं. मला दाखवायला उभे होते. मी पाय आपटत केबिनमध्ये गेले आणि कूलरसमोर उभी राहून मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं.

मालकांना सांगितलं. मालक हिशेबी, पण माणूस वाईट नाही. त्यांनी आधी एकच विचारलं, "रीडिंग कसं येईल?"

"उत्तम येईल. ताजं ग्रीस आहे."

"मग झालं की. आ बैल मुझे मार, कायले?"

"ते रीडिंग दाराचं नसेल. मामांच्या फडक्याचं असेल."

त्यांनी मनाशी हिशेब मांडला. सांगितलं तर वर्ष वाया जाणार आणि काम दुसरीकडे जायची भीती. नाही सांगितलं तर कोणाला कळणार नाही, कारण पिवळ्या रेघा आता माझ्या रेघांपेक्षाही खऱ्या दिसत होत्या. शेवटी ते म्हणाले, "सही तुमची राहते मॅडम. तुम्हीच ठरवा." मालक लोकांना हे वाक्य बरोबर वेळेला सुचतं.

खरं सांगते, मी डळमळले. नियम मला पाठ होते, पण समोर मामांचा जुलै महिना दिसत होता. एका माणसाला आयुष्यात एकदा आपल्या हातचं दार पास झालेलं पाहायचं होतं, आणि ते पास होणारच होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला जमत नाही ही वेगळी गोष्ट.

रविवारी उठले तर स्वयंपाकघरात आई कारल्याचा रस गाळत होती. सोमवारी सकाळी तिची शुगरची तपासणी होती, हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं. तिच्या मात्र पक्कं लक्षात होतं. शनिवारपासून चहातली साखर बंद, भात बंद, संध्याकाळी सक्करदरा तलावाकडे फेरी. आणि याच बाईनं अख्खा मे महिना रोज दुपारी वाटीभर आमरस खाल्ला होता, वर साजूक तूप घेऊन. वाटी मीच धुतली होती.

शनिवारपासूनचा माझा राग तिथे फुटला. "आई, डॉक्टरकडे तू शुगर दाखवायला जातेस का शहाणपणा दाखवायला?"

"काहून वं? डॉक्टरसमोर जरा नीट नको जाऊ?"

"पण मग त्याला कळणार कसं?"

"त्याले कळलं की तो मलेच बोलते ना. बोलणी खाण्यापरीस कारलं खाल्लेलं बरं." तिनं रसाचा पेला डोळे मिटून संपवला. मग सिंककडे तोंड करून हळूच म्हणाली, "आणि कळलं तर गोळी वाढवते तो. माह्या बाईचं असंच झालं. गोळी वाढली, मंग इंजेक्शन, मंग पाय गेला. मले नाही वाढवायची गोळी."

तिची बाई म्हणजे तिची मोठी बहीण. मावशीचा पाय कापला तेव्हा आई दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिली होती, आत गेलीच नव्हती. माझा राग पटकन उतरला. ही डॉक्टरला फसवत नव्हती. ती घाबरली होती. आकडा वाढला म्हणजे आजार वाढला, आणि आकडा दाबून ठेवला म्हणजे आजारही दबला, असं काहीतरी तिनं मनाशी बांधलं होतं.

मला एकदम मामा आठवले. दुसऱ्या कोणाच्या दाराला ते असा हात लावायला गेले नसते. आपलं दार गळेल, परक्या माणसासमोर गळेल, याची त्यांना धास्ती होती आणि त्यांच्याजवळ त्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे खिशातलं फडकं. मला त्यांची फार माया आली. आणि त्याच क्षणी हेही ठरलं की गप्प बसायचं नाही.

सोमवारी उजाडायच्या आत आम्ही कारखान्यात होतो. शेड तापली की नळीतली हवाही फुगते आणि आकडे बोलेनासे होतात, म्हणून अशी मोजणी पहाटे करतात. फाटकाबाहेरच्या टपरीवर मामा चहा पीत होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि आईची गोष्ट सांगितली. कारलं, आमरस, तूप, सगळं.

मामा पोटभर हसले. "आमची बुढी बी तेच करते. दोन दिवस मेथी खाते अन् डॉक्टरले सांगते, रोज खातो म्हणून." हसता हसता ते थांबले. चहाचा ग्लास हातात तसाच राहिला. टपरीसमोरून पहिल्या पाळीची बस गेली, धूळ उडाली, तरी त्यांनी ग्लासवर हात धरला नाही.

"म्हणजे मॅडम," ते म्हणाले, "मी दाराले कारलं पाजलं."

मी मान हलवली.

"आतमधी काय चाललं होतं ते आता कोणालेच नाही समजणार."

"नाही समजणार."

"मंग?"

"मग नवं गॅस्केट, आणि दार पुन्हा बंद. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत."

"मी तं जुलैत चाललो."

"माहीत आहे, मामा." त्यांनी टपरीवाल्याच्या बादलीत आपला ग्लास स्वतः विसळला, उपडा ठेवला आणि माझ्यापुढे चालायला लागले.

तपासणीला आलेले साहेब सडपातळ, कमी बोलणारे. हातात जेवणाचा डबा आणि खांद्याला पिशवी. त्यांनी दार पाहिलं, रेघा पाहिल्या, पेनाचं टोपण काढलं. मी घसा साफ केला. बोलायचं काय ते मी रात्री पाठ करून ठेवलं होतं, शुद्ध कार्यालयीन मराठीत. पण मामा माझ्या पुढे गेले.

"साहेब, दाराले मी हात लावला."

मालक वर पंख्याकडे पाहायला लागले. पंखा बंद होता.

मामांनी सगळं सांगितलं. कुठलं फडकं, किती ग्रीस, रेघा कशानं ओढल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "पण का लावलात हात?"

"तुम्ही येऊन राहिले म्हणून."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर हात धरला, तरी खांदे हलत होते. पण हसून झाल्यावर ते पुन्हा होते तसे झाले. ही मोजणी धरता येणार नाही, म्हणाले. नवं गॅस्केट, पूर्ण मुदत, पूर्ण उन्हाळा. तरी केवळ माहितीसाठी म्हणून आम्ही हवा भरून पाहिली. गेजचा काटा जागचा हलला नाही. मामांच्या चेहऱ्यावर आनंद आला आणि आला तसा गेला. जाताना साहेब मला म्हणाले, "तुम्ही लोकांनी सांगितलं नसतं तर हे बघून मी आधी गेज तपासलं असतं. ते बरोबर निघालं असतं. मग मी सही केली असती."

कारखान्यानं स्वतःहून सांगितलं, असा शेरा त्यांनी दिला. काम आमच्याकडून गेलं नाही. मालकांनी संध्याकाळी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली आणि आपलं पहिल्यापासून हेच मत होतं, असंही सांगितलं.

दार पुन्हा बंद करायच्या दिवशी मामांनी पाटी मागून घेतली. 'दाराला हात लावू नये' याच्याखाली त्यांनी पिवळ्या रंगानं, सुरेख सरळ अक्षरात लिहिलं, 'मामांनीसुद्धा'. बोल्टवरच्या रेघा मात्र मलाच ओढायला लावल्या. "तुमच्याच बऱ्या," म्हणाले, "तशा दुसऱ्या कोणाले जमत नाही."

जुलैत निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, मालकांचं भाषण. मामांना बोलायला सांगितलं तर त्यांनी हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "दाराकडे लक्ष राहू द्या." मला रडू आलं. लोकांना वाटलं, डोळ्यात घाम गेला.

आईचं इकडे काय झालं तेही सांगायला हवं. त्या सोमवारी तिची शुगर अर्थातच छान आली, डॉक्टरनं शाबासकी दिली. संध्याकाळी मी तिला मामांची गोष्ट सांगितली. शेंगा सोलत होती, सोलता सोलता थांबली. "सगळ्यांसमोर सांगतलं त्यानं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांसमोर. तिनं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. पण पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री तिनं नेहमीसारखा भात घेतला आणि डॉक्टरला आमरसापासून सगळं सांगून टाकलं. डॉक्टरनं तीन महिन्यांची सरासरी शुगर काढायला लावली. आकडा चढा निघाला. गोळी वाढली. दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही, जणू आमरस मीच ढोसला होता. मग दिवाळीच्या सुमारास एकदा सहज म्हणाली, "तळपायाच्या मुंग्या कमी झाल्या वाटते." मुंग्या येत होत्या, हेच मुळी मला पहिल्यांदा कळलं.

मामा वर्षभरात एकदाच आले, खंडेनवमीच्या पूजेला. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, पान्या-हातोड्यांना हळदकुंकू लागतं. मामांच्या जागी आलेला फिटर कुंकवाचं बोट घेऊन दाराकडे निघाला, तेव्हा मामा लांबूनच म्हणाले, "थांब गा. खालच्या स्टँडले लाव. दाराले नको." स्वतः मात्र जवळ आले नाहीत. दाराभोवती जमिनीवर आखलेल्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहून त्यांनी दाराला नमस्कार केला आणि धुळीकडे पाहून तोंड वाकडं केलं.

उन्हाळा आला, तापला. त्या मे महिन्यात शेडच्या पत्र्याखालून जाताना मी दाराकडे बघत नसे, पण ते आहे हे मला पाठीला कळे. चपटं होत असेल का रबर? मर्यादेबाहेर गेलं तर आता कोणाला सांगणार, आणि मामांना कसं सांगणार? मोजणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना फोन केला. "या उद्या," म्हटलं, "पाहुणे म्हणून."

ते आमच्याही आधी फाटकावर हजर होते. तेच साहेब, तसाच डबा. मामांनी भिंतीला लावून खुर्ची घेतली. सवयीनं पुसली, बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. साहेबांनी माझ्या वाकड्या रेघा एकेक करून तपासल्या. एकही तुटलेली नव्हती.

हवा भरली. नळी बंद केली. मग आम्ही बघत बसलो.

आकडा उतरायला लागला. हळूहळू, पण उतरत होता. मुदत भरल्यावर मी तापमान जमेला धरून हिशेब मांडला, साहेबांनी त्यांचा वेगळा मांडला, आणि दोघांचा एकच आला. मी मामांकडे वळले.

"गळते?" त्यांनी विचारलं.

"गळते, मामा."

"किती?"

"चालतं त्याच्या बरंच आत. पास आहे."

त्यांनी मान खाली घातली. खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला. मालक पुढे होऊन काहीतरी म्हणणार होते, पण साहेबांनी हातानं थांबवलं. थोड्या वेळानं मामांनी वर पाहिलं, तेव्हा डोळे लाल होते आणि ते हसत होते. "वर्षभर धूळ खाल्ली," म्हणाले, "तरी टिकलं."

आता नियमाप्रमाणे पुढची पायरी होती. दार उघडायचं, गॅस्केट साफ करायचं, दार लावून पुन्हा मोजायचं. नवा फिटर फडकं घेऊन उठला. मी त्याला बसायला सांगितलं. मामांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, आता हात लावू?"

"लावा."

त्यांनी खिशातून फडकं काढलं. धुतलेलं, चौपदरी घडी घातलेलं. दाराजवळ गेले, पण पुसायला लगेच सुरुवात केली नाही. आधी धुळीवरच तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. त्या दिवशी दुसरी मोजणी सुरू व्हायला उशीर झाला, आणि साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.